हर्नियाचं ऑपरेशन

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी ऑफिसातून तीन आठवड्यांची रजा काढली. मॅनेजरला सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. हर्निया हा फार सोयीचा आजार आहे बरं का! कुणी खोलात विचारत नाही, 'दाखव बघू' तर कुणीच म्हणत नाही, आणि 'जड उचलू नकोस हं' अशी सहानुभूती फुकट मिळते.

मला हर्निया वगैरे काही नव्हता. माझं वजन होतं १२८ किलो आणि उंची १७० सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय ४४. (मंडळी, कॅल्क्युलेटर काढू नका, मी हजारदा केलंय ते गणित. उंची दोन-चार सेंटिमीटर वाढवूनही करून बघितलंय.) मी चाललो होतो वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायला, आणि हे बायको नि आई-बाबा सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. आज इथे का लिहितोय ते पुढे येईलच.

त्याआधीची बारा वर्षं मी डाएट करत होतो. जीएम डाएट झालं, कीटो झालं, दिवसातून दोनदाच जेवायचं झालं, पहाटे गरम पाणी-लिंबू-मध तर कायमचंच. दर खेपेला पंधरा किलो उतरायचे आणि वर्षभरात अठरा चढायचे. पण ऑपरेशनपर्यंत पोचलो ते पोटामुळे नाही, झोपेमुळे. मी घोरायचो आणि मधेच घोरणं थांबायचं. बायको जागी राहून मोजायची, श्वास परत कधी सुरू होतोय ते. एकदा कर्वे रोडच्या सिग्नलला स्टिअरिंगवर चक्क झोपलो. मागे मुलगी बसलेली. हॉर्नच्या गोंगाटात ती म्हणाली, "बाबा, हिरवा झाला." त्यानंतर झोपेची तपासणी केली, तर तासाला ४१ वेळा श्वास अडकतोय असं निघालं. तीसच्या वर गेलं की गंभीर समजतात.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वजनकाट्यावर चढायच्या आधी मी बूट काढले, पट्टा काढला, पाकीट, मोबाइल, घड्याळ सगळं काढून बायकोच्या हातात दिलं. नर्स म्हणाली, "सर, घड्याळानं काय होणारे?" तिचं बरोबरच होतं, पण १२८ चे १२७.९ झाले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग स्टेपलर मारत मारत कापून काढायचा, आणि उरते ती केळ्याएवढी नळी. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणजे अनडू नाही. मी विचारलं, "मग मी कमी खाईन कारण जागाच नसेल?" ते म्हणाले, "तेवढंच नाही. भूकच कमी लागेल." भूक लागली असं मेंदूला सांगणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक असतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटानं ते शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग या ऑपरेशनमध्ये जातो. मी मान डोलावली, पण तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. आयआरडीएआयने २०१९ साली आरोग्यविम्यात काय वगळायचं याचे शब्द ठरवून दिले. त्यात लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट वगळलेलं नाही. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा निदान ३५ असून सोबत गंभीर स्लीप ॲप्नियासारखा आजार असेल, आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर ते बसतं. पॉलिसीचा कागद नीट वाचा, प्रतीक्षाकाळ तपासा. असो.

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं पातळ. चरबीनं फुगलेलं यकृत आक्रसावं, म्हणजे दुर्बिणीतून जठर नीट दिसतं, म्हणून. ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट. ऑफिसच्या कँटीनमध्ये पोहे येताना दिसले की डोळ्यांत पाणी यायचं, खोटं नाही सांगत. ऑपरेशन त्यामानानं सोपं गेलं. पोटावर पाच भोकं, आणि दुखला कोण तर खांदा! पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो म्हणे. संध्याकाळीच उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तपासणीत कुठे गळत नाहीये हे बघितलं आणि मग पाणी दिलं, औषधाच्या छोट्या मापातून, ३० मिलिलिटर. ते संपवायला मला पाव तास लागला. हा तोच माणूस, जो एकेकाळी मस्तानीवर मस्तानी प्यायचा.

घरी आलो आणि खरा प्रश्न उभा राहिला तो आईचा. आईनं मला आयुष्यभर एकाच भाषेत माया दिली, ताटात. तिला घोटघोट पिणारा मुलगा बघवेना. पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुगाचं कढण केलं, गाळून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं ते एका चांदीच्या वाटीत. माझ्या उष्टावणाची वाटी! कपाटातून शोधून, चिंचेनं घासून आणली होती. म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय ना तेवढंच मावतं हिच्यात. मी मोजलंय." मग महिनाभर माझं सगळं त्या वाटीतून चाललं. कढण, पेज, प्रोटीन पावडर घातलेलं दूध, पुढे गुरगुट्या भात. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही.

सप्टेंबरात गणपती आले. आईचे उकडीचे मोदक मी एका बैठकीत अकरा खायचो, घरातला विक्रम आहे तो. या वेळी डाएटिशियनला फोन करून परवानगी काढली आणि पाव मोदक घेतला. खाल्ला. आणि थांबलो. म्हणजे मी स्वतःला थांबवलं नाही, नुसता थांबलो. समोर ताटात मोदक होते, साजूक तुपाची धार होती, आणि माझ्या डोक्यात काहीच आवाज नव्हता. बारा वर्षं जो आवाज दिवसभर चालू असायचा, अजून एक, अजून एक, उद्यापासून बंद, तो गायब! मी बायकोला विचारलं, "तुला हे रोज असंच असतं?" ती म्हणाली, "कसं?" मी म्हटलं, "म्हणजे पोट भरलं की संपलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्नच कळला नाही.

त्या क्षणी मला इतका राग आला. कुणाचा ते माहीत नाही. लग्नात "कमी खा रे जरा" म्हणणाऱ्या सगळ्या सडपातळ मंडळींचा, आणि बराचसा माझा स्वतःचा. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांच्याकडे मनोनिग्रह आहे आणि माझ्याकडे नाही. त्यांना तर तो आवाजच येत नव्हता.

इथवर सगळं छान दिसतंय, तर बाकीचंही सांगतो. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले (पुढे आले परत). मामेभावाच्या लग्नात मामांच्या आग्रहाला बळी पडून मसालेभात भराभर खाल्ला आणि कार्यालयाच्या मागे जाऊन ओकलो. बी-१२, डी, कॅल्शियम, लोह आता जन्मभर. जळजळ अधूनमधून होतेच. वर्षानं वजन ८६ झालं, नंतर तीन किलो परत चढलं. पण श्वास अडकत नाही, आणि बायको झोपते.

आता ऑफिस. दिवाळीनंतर सगळे विचारायला लागले, "अरे, अर्धा झालास! काय केलंस?" आणि मी म्हणालो, "काही नाही रे, रात्रीचं जेवण सातला, भात बंद, दहा हजार पावलं." का म्हणालो? कारण ऑपरेशन म्हटलं की लोक "अच्छा, शॉर्टकट!" म्हणतात आणि पावलं म्हटलं की टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या हव्या होत्या. टीमच्या मीटिंगमध्ये 'जिद्द' या विषयावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं, आणि मी बोललो! स्लाइड्ससकट.

ते ऐकायला आमच्या टीममधला सोलापूरचा एक मुलगा होता. सव्वीस वर्षांचा, वजन माझ्या जुन्या वजनाच्या आसपास. त्यानं सगळं लिहून घेतलं. रोज सकाळी पावलांचा स्क्रीनशॉट मला पाठवायचा. मी अंगठा पाठवायचो. दोन महिन्यांत सहा किलो उतरलं, मग थांबलं, मग चढायला लागलं. गुडघा सुजला. त्यानं रात्रीचं जेवण बंद केलं, नंतर दुपारचंही. २०२४ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी तो हिंजवडीत बसच्या रांगेत भोवळ येऊन खाली बसला, तेव्हा मी त्याला गाडीत घातलं. पाणी दिलं, बिस्किट दिलं. ते त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "दादा, तुम्ही केलं ना. माझ्यातच दम नाही."

ट्रॅफिक तुंबलेलं होतं, तिथेच सांगून टाकलं. हर्निया नव्हता, काय होतं, किती कापलं, सगळं. तो बराच वेळ समोरच्या बसकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही जमलं नव्हतं?"

"नव्हतं जमलं. बारा वर्षं नव्हतं जमलं."

त्यानं बिस्किट खाल्लं. उतरताना मात्र "थँक्यू" म्हणाला नाही, आणि पुढचे तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. हक्क होता त्याचा. मी टीमलाही सांगितलं, स्लाइड्सशिवाय. काही जण हसले. एकजण नंतर हळूच येऊन त्याच्या बहिणीबद्दल विचारून गेला.

२०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली. ती घेणाऱ्यांपैकी अनेक जण त्या आवाजाबद्दल अगदी माझ्यासारखंच बोलतात. थांबला असतास तर पोट वाचलं असतं, असं लोक मला सांगतात. असेलही. पण २०२३ मध्ये तासाला ४१ वेळा अडकणारा श्वास थांबून राहायला तयार नव्हता.

सोलापूरच्या मुलाचं अजून काही ठरलेलं नाही. ऑपरेशन की इंजेक्शन की काहीच नाही, ते तो आणि डॉक्टर बघतील. मागच्या शनिवारी त्यानं विचारलं, "दादा, पहिल्या खेपेला याल का सोबत?" गेलो. वजनकाटा आला तसे त्यानं बूट काढले, मग पट्टा, मग पाकीट, मोबाइल आणि शेवटी घड्याळ. नर्सनं तोंड उघडलं, पण मी तिच्याकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही. मी ते सगळं दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.