मिसूरीच्या रानांतील चाळीस वार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरी या संस्थानाचा दक्षिण भाग ओझार्क नांवाच्या डोंगराळ पठारानें व्यापिलेला आहे. चुनखडीचे कडे, झऱ्यांवर वाहणाऱ्या निर्मळ नद्या आणि ओक व हिकरी वृक्षांचें दाट रान असें त्या प्रदेशाचें रूप आहे. एप्रिल महिन्यांत तेथें पालवी फुटते, डॉगवुडचीं पांढरीं फुलें उमलतात आणि पहांटे रानटी टर्कीच्या नराचा गुडगुडाट दरीदरींतून घुमूं लागतो. पुतण्याकडे आमचें वास्तव्य असतां त्याच्या एका वयस्क शेजाऱ्यांबरोबर ही शिकार पाहण्याचा योग आला. आम्ही शाकाहारी, बंदुकीस हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु तेथें जें पाहिलें तें वाचकांस सांगण्याजोगें आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा पक्षी त्या संस्थानांतून नामशेष होण्याच्या बेतास आला होता. उरलेले पक्षी पकडून ठिकठिकाणीं सोडण्यांत आले, तेव्हां कोठें १९६० सालीं वसंतांतील शिकार पुनः खुली झाली. त्यामुळें एखादा पक्षी व्यर्थ घायाळ करून गमावणें जाणते शिकारी लाजिरवाणें मानतात.

ही शिकार छऱ्यांच्या बंदुकीनें होते व नेम डोक्यावर आणि मानेवर धरावयाचा असतो. अंतर वाढलें कीं छरे पांगतात व त्यांचा जोरही ओसरतो. म्हणून सुमारें ४० वार ही मर्यादा परंपरेनें ठरलेली आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ वारांची असते. अशा दोन खेळपट्ट्या एकापुढें एक मांडल्या तर ही मर्यादा ४ वारांनीं ओलांडली जाते! हल्लीं टंगस्टनचे जड छरे याहून दूर मारा करितात खरे. पण आपली बंदूक किती वारांवर छरे कसे फेकते हें प्रत्येकानें आधीं कागदावर मारून पाहावें, असा तेथील जाणत्यांचा आग्रह असतो.

डोळा मात्र फसवा असतो. मोकळ्या कुरणांत अगर दरीपलीकडे असलेली वस्तु जवळ भासते, तर दाट झाडींत व अंधुक प्रकाशांत तीच दूर वाटते. त्यांतच नर पिसें फुलवून नाचूं लागला कीं त्याचा आकार दुप्पट दिसतो आणि तो अगदीं पुढ्यांत आल्यासारखा वाटतो.

यास उपाय एकच: पक्षी येण्यापूर्वींच अंतर ठरवून ठेवणें. आमचे यजमान अंधारांतच एका रुंद बुंध्यास पाठ टेकून बसले. फटफटतांच त्यांनीं किरणांनीं अंतर मोजणाऱ्या लहानशा यंत्रानें खुणा निश्चित केल्या: २० वारांवर एक खुंट, ३० वर वांकडा ओक, ४० वर एक पांढरा खडक. यंत्र नसेल तर पावलें मोजावीं. आणि एरव्हीं फिरावयास जातांना अमुक झाड किती वारांवर आहे याचा अंदाज बांधून तो पावलांनीं ताडून पाहावा, म्हणजे डोळ्यास वळण लागतें, असें ते म्हणाले.

अंतराइतकीच दृष्टीची खात्री महत्त्वाची. शिकारी मादीचा आवाज काढून नरास बोलावितो. तेव्हां झुडपामागील आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असूं शकतो. शब्दवेधी बाण सोडून दशरथानें काय ओढवून घेतलें, हें आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक आहे. त्या रानांतही आवाजावर वा नुसत्या हालचालीवर बंदूक झाडणें निषिद्धच आहे.

त्या दिवशीं एक डौलदार नर आला, खडकापलीकडे घटकाभर नाचला व परतला. यजमानांनीं चापास बोटही लावलें नाहीं. "तो पन्नास वारांवर होता," एवढेंच म्हणून ते उठले. ज्यास अंतर कळतें त्यासच केव्हां थांबावें हें कळतें, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें.