नेढ्यातला वारा

यूटामधली वॉल आर्च ऑगस्ट २००८मध्ये एका रात्री कोसळली आणि पडताना तिला कुणीच पाहिलं नाही, एवढंच कुठंसं वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. २१ मीटर रुंदीची नैसर्गिक दगडी कमान, आणि शेवटच्या क्षणाला साक्षीदार नाही.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरच्या ‘लंडन ब्रिज’नं निदान माणसं तरी ठेवली. १५ जानेवारी १९९० रोजी किनाऱ्याकडची कमान समुद्रात गेली आणि दोघं पर्यटक पलीकडच्या खडकावर अडकले. पुढं हेलिकॉप्टरनं त्यांना आणलं. परतीची वाटच नाहीशी झाल्यावर माणसं काय बोलत असतील? मला वाटतं, आधी सामानाचं बोलत असतील.

आपल्या सह्याद्रीत डोंगराच्या अशा आरपार भोकाला नेढं म्हणतात. रतनगडाचं माझं सर्वांत लाडकं. राजगडाचं जरा गर्दीचं. रतनगडाच्या माथ्यावर त्यात शिरलं की वारा आधी छातीवर हात ठेवतो, मग टोपी मागतो. एकदा आम्ही तिथं दशम्या सोडल्या. वाटाड्या मामा म्हणाले, “कागद दगडाखाली ठेवा भाऊ, न्हाईतर भंडारदऱ्यात सापडंल.” कागद गेलाच. आम्ही मात्र दुपार कलेपर्यंत हललो नाही. एकीकडं अलंग, मदन, कुलंग, दुसरीकडं धरणाचं पाणी, पाठीला काळा कातळ आणि जिभेवर लसणाची चटणी. बेसाल्टवर माझा आंधळा विश्वास आहे. साडेसहा कोटी वर्षांचा दगड. माझ्या बसण्यानं त्याला काय होणार?

वाळूखडकाची तऱ्हा वेगळी. झेक संशोधकांनी २०१४ साली त्याचे लहान ठोकळे भाराखाली ठेवून पाण्यानं झिजवले. ज्या कणांवर भार होता ते एकमेकांत रुतून बसले, ज्यांच्यावर नव्हता ते वाहून गेले. उरली ती कमान. म्हणजे तिला डोक्यावरच्या ओझ्यानंच धरून ठेवलेलं असतं.

लाटांपुढं मात्र ओझंही पुरत नाही. माल्टाची ‘अझूर विंडो’ ही चुनखडीची कमान ८ मार्च २०१७च्या वादळात खांबासकट गेली. तिच्यावर चालणाऱ्यांना आधीच दंड ठरवला होता. समुद्राला तो लागू नव्हता.

यूटात आता शास्त्रज्ञ कमानींवर भूकंपमापक ठेवून त्यांची थरथर टिपतात. एरवी ती कानाला कळत नाही. नोंदीचा वेग वाढवला की घुमल्यासारखी ऐकू येते. वारा, दूरचा भूकंप, वरून गेलेलं हेलिकॉप्टर, सगळं तिच्यात उमटतं. राजगडाच्या नेढ्यात पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी हे यंत्र ठेवायला हवं. घोषणा किती, शिट्ट्या किती आणि ब्लूटूथ स्पीकर किती, याचा एकदाचा हिशेब तरी लागेल.