वीस कलमं, चाळीस गुण

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी प्रौढ कैद्यांमधली सायकोपॅथी मोजायला एक यादी केली होती. तिची कुमार आवृत्ती २००३ साली आली. वय १२ ते १८, कलमं २०, प्रत्येकाला ०, १ किंवा २, कमाल ४०. मुलाशी सविस्तर बोलायचं आणि त्याची फाइलही वाचायची. कारण सराईत खोटं बोलणं हेच एक कलम आहे. नुसत्या बोलण्यावर भिस्त कशी ठेवणार?

यादीतली सायकोपॅथीची इतर काही लक्षणं: पश्चात्ताप नाही, भावना उथळ, राग आवरत नाही. इथवर ठीक. पण उतावीळपणा, थरार शोधणं, पुढच्या आयुष्याचा विचार नसणं? पंधराव्या वर्षी! आमचा अर्धा वर्ग यात सापडला असता. सीग्रेव्ह आणि ग्रिसो या संशोधकांनी २००२ मध्येच बजावलं होतं की यातलं बरंच वयाचं असू शकतं आणि वयाबरोबर ओसरू शकतं.

प्रोबेशनवरच्या, म्हणजे गुन्ह्यानंतर देखरेखीखाली सोडलेल्या मुलांबाबत मला खटकतं ते वेगळंच. सशर्त सुटकेच्या अटी गंभीरपणे मोडणं, गंभीर गुन्हे, गुन्ह्यांचे नाना प्रकार, अशी तीन कलमं यादीतच आहेत. म्हणजे मागच्या गुन्ह्यांचे गुण धरायचे आणि त्यावरून पुढच्या गुन्ह्याचा अंदाज बांधायचा. अंदाज थोडाफार जुळला तर नवल कसलं? शिवाय ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, तिथल्या पोराची फाइल आपोआप जाड.

अमुक गुणांच्या वर सायकोपॅथ, अशी रेघ या आवृत्तीत मुद्दामच आखलेली नाही. समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचं निदानही १८ वर्षांआधी करत नाहीत. कोर्टात मात्र आकडा तेवढा लक्षात राहतो.

‘अशी पोरं सुधारत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं मेंडोटा केंद्र पाहावं. १९९५ पासून तिथे सर्वांत अवघड, कोठडीतल्या मुलांवर सखोल उपचार होतात. सुटकेनंतरचे त्यांचे हिंसक गुन्हे तुलनेच्या गटापेक्षा कमी निघाले. जास्त गुण म्हणजे जास्त उपचार, असा अर्थ लावला तरच ही मोजणी कामाची.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ आहे. १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज बाल न्याय मंडळ तपासतं. मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. सायकोपॅथीबद्दल त्यात अक्षर नाही. उद्या कुणी असा आकडा मंडळापुढे ठेवलाच, तर सदस्यांनी आधी एवढं विचारावं: गुण कुणी दिले, आणि कोणाच्या फाइलवरून?