पिकातला सूर्य

अलिबाग
श्रावण

प्रिय सुलू,

तुझी मेल आणि सोबतचे फोटो पोचले. काय सुरेख आखलंय गं! मधोमध मोठा गोल, त्यातून निघालेल्या वळणदार ज्वाळा, बाहेर लहान लहान होत गेलेली वर्तुळं. गव्हाच्या उभ्या शेतात, तेही रात्रीच्या अंधारात ज्यांनी हे केलं त्यांच्या हाताला नमस्कार. पण तुझ्या शेजारच्या बाई म्हणतात की हा सूर्य आहे आणि पंधरा दिवसांत सौरवादळ येणार असल्याची ही सूचना आहे. वर तू मला 'एवढी वर्षं फिजिक्स शिकवलंस ना, मग सांग' म्हणून दरडावलंस. ऐक तर. पत्र लांबणार आहे, कारण इथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि मला दुसरं काम नाही.

आधीच सांगून टाकते, बाईंचं भाकीत बहुधा खरं ठरेल. अमेरिकेची 'नोआ' ही संस्था सौरवादळांना जी-1 ते जी-5 असे दर्जे देते. तिच्या हिशेबानं 11 वर्षांच्या एका सौरचक्रात अगदी सौम्य, म्हणजे जी-1 वादळाचे दिवसच साधारण 900 असतात. भागाकार कर. पंधरवड्यात सरासरी तीन! सूर्य शांत असतो तेव्हा कमी, उधाणावर असतो तेव्हा जास्त. म्हणजे शेतात सूर्य काढा, बेडूक काढा, नाहीतर काहीच काढू नका, पंधरा दिवसांत कुठलं तरी छोटं वादळ येऊन जाण्याचीच शक्यता जास्त. मग बाई म्हणणार, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?'

या वर्तुळांचा इतिहास तुझ्या अंगणातलाच आहे. इंग्लंडातल्या तुझ्या स्विंडनहून बाहेर पडलं की विल्टशरमधली एव्हबरी, सिल्बरी हिल, आल्टन बार्न्स, सगळी त्यांची तीर्थक्षेत्रं. सुरुवात मात्र शेजारच्या हॅम्पशरमध्ये झाली. साउदॅम्प्टनचे डग बावर आणि डेव्ह चॉर्ली हे दोघे मित्र सत्तरच्या दशकात एका संध्याकाळी पबमध्ये बसले होते. डग काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेला. 1966 मध्ये क्वीन्सलंडमधल्या टली गावी पाणथळीतल्या गवतात एक गोल सापडला आणि 'उडत्या तबकडीचं घरटं' म्हणून गाजला, ते त्याच्या डोक्यात होतं. म्हणाला, आपणही असं काही केलं तर? मग लाकडी फळी, तिला दोन्ही टोकांना बांधलेली दोरी, आणि सरळ रेषेत चालता यावं म्हणून टोपीला लटकवलेला तारेचा एक वेढा. एवढ्या सामानावर या दोघांनी जगाला वर्षानुवर्षं झुलवलं. डगच्या बायकोला गाडीचे वाढते मैल बघून नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू असल्याचा संशय आला, तेव्हा बिचाऱ्याला तिच्यापुढं खरं सांगावं लागलं. जगाला मात्र 1991 मध्ये 'टुडे' या वर्तमानपत्रातून कळलं. त्याआधी पत्रकारांनी त्यांच्याकडून एक वर्तुळ करून घेतलं आणि पॅट डेल्गाडो या नामांकित वर्तुळतज्ज्ञाला दाखवलं. हे माणसाचं काम नव्हे, असा त्यानं निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी डग-डेव्हना भौतिकशास्त्राचं इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. मला तर वाटतं, फारच थोड्यांना ते इतक्या लायकीनं मिळालं असेल.

त्यांची एक गोष्ट मला विशेष आवडते. टेरेन्स मीडन नावाचे हवामानाचे अभ्यासक म्हणत की टेकड्यांच्या उतारावर हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांनी पीक गोल आडवं पडतं. अगदीच वेडगळ कल्पना नव्हती ती. हे कळताच या दोघांनी नक्षीत सरळ चौकटी घालायला सुरुवात केली. चौकोनी भोवरा कुणी पाहिलाय? 1990 च्या जुलैत आल्टन बार्न्सला ती लांबच लांब, चौकटी आणि आकड्यांसारखे पंजे असलेली आकृती निघाली, तेव्हा वाऱ्याची कल्पना फारच अवघड झाली. तिथल्या शेतकऱ्यानं बघ्यांना तिकीट लावलं आणि लेड झेपेलिननं तिचा फोटो आपल्या अल्बमवर छापला.

आता सूर्य. जुलै 2008 मध्ये एव्हबरीच्या मॅनरजवळ आख्खी सूर्यमाला काढली होती, प्रत्येक ग्रह आपापल्या कक्षेत. कुणीतरी हिशेब केला तर ग्रहांची मांडणी डिसेंबर 2012 ची निघाली. झालं! माया दिनदर्शिका, जगबुडी, सूर्याचा भडका, सगळं एकत्र शिजलं. पण ग्रह 2012 मध्ये कुठं असतील हे 2008 मध्ये काढायला परग्रहवासी कशाला लागतात? आपलं पंचांग काय करतं? पुढच्या ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत देतं आणि त्याच पंचांगात मृगाचं वाहन म्हैस म्हणून भरपूर पाऊस लिहिलेला असतो. ग्रहण चुकत नाही, म्हैस चुकते. ग्रहांची जागा गणितात सापडते. सूर्याचा भडका हे त्याच्या अंगावरचं हवामान आहे, ते आगाऊ मांडायला कोष्टक नाही. शेतात काढलेलं होतं ते कोष्टकातलं. सूर्याचं उधाण 2012 च्या आगेमागे येणार हेही तेव्हा वर्तमानपत्रांत छापून येत होतं.

आणि 21 डिसेंबर 2012 ला, त्या जगबुडीच्या ठरल्या दिवशी, सूर्यानं विशेष काही केलं नाही. खरा भडका त्याआधी, 23 जुलैला उडाला होता. अलीकडच्या काळातला फार मोठा उद्रेक, पण पृथ्वी त्याच्या वाटेत नव्हती. 'स्टीरिओ-ए' हे यान होतं, म्हणून नोंद झाली. तो आठवडाभर आधी झाला असता तर आपल्यावर आला असता, असं शास्त्रज्ञांनी नंतर हिशेबानं सांगितलं. विल्टशरमध्ये तेव्हा गहू उभा होता, नक्ष्यांचा ऐन हंगाम होता आणि श्रद्धाळूंचं लक्ष डिसेंबरकडे लागलेलं होतं.

हंगामावरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये मोहरीसारख्या त्या पिवळ्या रेपच्या शेतात, मग बार्लीत, मग गव्हात, आणि ऑगस्टअखेर कापणी झाली की संदेश बंद. सूर्य काही कापणीची सुटी घेत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 60 लाख लोकांची वीज घालवणारं वादळ मार्चात आलं होतं, 1989 च्या. ऑक्टोबर 2003 चं हॅलोविन वादळही पीक घरात गेल्यावरचं. वर्षातले सात-आठ महिने ज्याचं तोंड बंद, त्याला ज्योतिषी कसं म्हणावं?

बाईंना हसू नकोस मात्र. सूर्याचं भाकीत करायला शास्त्रज्ञांचीही दमछाक होते. 11 वर्षांचं चक्र आहे हेच मुळी श्वाब नावाच्या एका जर्मन औषधविक्रेत्यानं शोधलं. 1826 पासून तो रोज सूर्यावरचे डाग मोजत होता, का, तर बुधाच्या आत एखादा ग्रह सापडतो का बघायला. ग्रह नव्हताच, चक्र सापडलं. पण पुढचं चक्र केवढं असेल? 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं सांगितलं, 24 वं चक्र आधीच्याहून 30 ते 50 टक्के जोरकस. बंगळुरूचे अर्णब राय चौधुरी आणि सहकारी म्हणाले, उलट 35 टक्के कमी. सूर्य मंदावलेला असताना त्याच्या ध्रुवांवरचं चुंबकीय क्षेत्र किती आहे, त्यावर पुढच्या चक्राचा जोर ठरतो, असा त्यांच्या हिशेबाचा पाया. चक्र शंभर वर्षांतल्या सर्वांत दुबळ्या चक्रांपैकी निघालं. मग 25 व्या चक्रासाठी तज्ज्ञमंडळानं डागांचा कमाल आकडा 115 सांगितला आणि सूर्यानं 2024 मध्ये 160 च्या आसपास नेऊन ठेवला! फरक एवढाच, की हे लोक आकडा आधी लिहून ठेवतात आणि चुकला की चुकला म्हणतात.

जवळच्या मुदतीत मात्र जमतं. 10 मे 2024 च्या मोठ्या वादळाआधी सूर्यावरून सुटलेले लोट यानांना दिसले होते. वाटेत दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे जी-4 चा इशारा आधी गेला. आलं ते जी-5. लडाखमधल्या हानले वेधशाळेवर आकाश लाल झालं होतं. आपलं आदित्य-एल1 यानसुद्धा 15 लाख किलोमीटरवर बसून बघतंय, आणि त्यातली अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेनं केली आहे.

एक आमच्या गावची गोष्ट सांगायची राहिली. 1 सप्टेंबर 1859 ला रिचर्ड कॅरिंग्टननं तुमच्याच इंग्लंडात, सरे परगण्यातल्या रेडहिलला, सूर्यडागांचं चित्र काढताना त्यांवर अचानक पांढरा झगमगाट पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. त्याची जगातली सर्वांत मोलाची नोंद कुठली, ठाऊक आहे? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची! तिथले लोक डोळ्यांनी सुई वाचून आकडे वहीत लिहीत होते. 2003 मध्ये सुरुतानी, लाखिना वगैरे मंडळींनी त्या नोंदी उलगडल्या, तेव्हा चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लानं खाली आल्याचं दिसलं. 2024 चा आकडा 400 च्या घरातला. (एक एका ठिकाणचा, दुसरा ठिकठिकाणची सरासरी, म्हणून शेजारी मांडताना जरा सांभाळून.) पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये वेधशाळेचं चुंबकीय काम इथं अलिबागला आणलं. ट्रामच्या करंटनं सुया थरथरल्या असत्या ना. आजही इथं मोजणी चालू आहे, आणि बाजारात जाणाऱ्या निम्म्या लोकांना त्या कंपाउंडात काय चालतं ते माहीत नाही.

तर बाईंना एक काम सांग. वादळ कुठल्या तारखेला आणि जी-किती, ते आजच कागदावर लिहून सहीनिशी दे म्हणावं. 'पंधरा दिवसांत कधीतरी, काहीतरी' चालणार नाही. निदान जी-4 तरी म्हणायला लाव. इकडचे आकडे मी बघून कळवते. आणि ते शेत बघायला जाशील तेव्हा शेतकऱ्याला विचारून, ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच जा. त्याचं पीक तुडवून आधीच कुणीतरी सूर्य काढलाय, त्यात तुझी भर नको.

तुझी,
मंदा