चार रंगांतले आबा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आबांचे तैलचित्र काढायला घेतले. आबा मार्केट यार्डात हमाली करतात. माझ्याकडे बारा नळ्यांची पेटी होती आणि त्यातल्या एका नळीवर ‘फ्लेश टिंट’ असे लिहिलेले. तो गुलाबी रंग मी तोंडभर फासला आणि आबा बँकेतल्या साहेबासारखे दिसू लागले. खरे सांगायचे तर मला ते आवडले. मित्रांना दाखवायला बरे, असेही मनात येऊन गेले.

कलामंडळाच्या सरांनी चित्र पाहून “हे कोण?” एवढेच विचारले. मग पुस्तकातले अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराचे १८९६ चे आत्मचित्र दाखवले. त्याच्या हातातल्या पॅलेटवर चारच रंग: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा. निळा नाहीच! “बाकीच्या नळ्या पेटीत ठेव,” सर म्हणाले.

पहिले दोन दिवस नुसता चिखल झाला. ऑकर म्हणजे पिवळी माती. तिच्यात व्हर्मिलियन जरा जास्त पडले की आबांचा म्हसोबा होई. काळ्याची तर मला भीतीच वाटे. पण काळ्यात पांढरा मिसळून तो राखाडी रंग तांबूस रंगाशेजारी लावला की चक्क निळसर भासतो. आबांच्या दाढीचे खुंट त्यानेच साधले. ऑकरमध्ये काळा घातला की शेवाळी हिरवा निघतो; तो डोळ्यांखालच्या खळग्यांत गेला. डोळे किलकिले करून आधी उजेड आणि सावली पाहा, रंगाचे मागाहून, हे सरांनी दहादा बजावले होते.

आबा रेशनकार्डाच्या फोटोला बसावे तसे ताठ बसत. तिसऱ्या दिवशी त्यांना बसल्याबसल्या डुलकी लागली आणि मान डावीकडे कलली. उजव्या खांद्यावर पोती वाहणाऱ्याची मान तशीच कलते, हे मला एकोणीस वर्षांत दिसले नव्हते. मी आधीचे सगळे खरवडून काढले आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

जागे झाल्यावर आबा चित्रासमोर उभे राहिले.

“लई काळा केलास की रं.”

“सावली हाय ती, आबा.”

ते आणखी जवळ गेले. बंडीबाहेरच्या खांद्यावरचा घट्टा बोटाने दाखवून म्हणाले, “ह्यो बरोबर हाय.”

कान मात्र फसला आहे. तो दुरुस्त करायचा म्हणून बसा म्हटले, तर म्हणतात, सध्या कांद्याची आवक फार आहे.