मु. पो. शिवाजी पार्क

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की आपल्यातलाच एखादा शिकलेला दोस्त मला तोच प्रश्न विचारतो. चैत्यभूमीला जायचं तर जा. रांगेत उभा राहा, अभिवादन कर, रात्रीच्या गाडीनं परत ये. तीन-तीन रात्री धुळीत लोळायचं कशाला? आता त्याची जत्रा झालीय. दादरच्या गच्चीतले लोकही हेच म्हणतात, फक्त त्यांच्या भाषेत. ते म्हणतात, मैदान घाण होतं. भाषा वेगळी, पण दोघांचं मागणं एकच. या आणि जा. राहू नका.

मित्रांनो, मला या 'राहू नका'वरच बोलायचं आहे. अभिवादनावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी मुक्कामावर बोलतो.

मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार आहे. गव्हाणीवर असतो. नववीत शाळा सुटली, पुढचं जे काय वाचलं ते शिवाजी पार्कवरून पिशवीत भरून आणलेल्या पुस्तकांतून. डिसेंबर म्हणजे गळीत हंगामाचा जोर. गव्हाण चोवीस तास चालते, तीन पाळ्या. तीन दिवस गेलो की तीन खाडे पडतात, पगारातून जातात. एकदा रजा मागायला गेलो तर साहेब हसून म्हणाला, "काय रे, तुमचं दरवर्षी डिसेंबरातच कसं?" मी म्हणालो, "साहेब, तारीख आधीची आहे. हंगाम नंतर आला." हसणं थांबलं. रजा मिळाली, बिनपगारी.

कारखान्याच्या मागं ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या असतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या. बीड, पाथर्डीकडून आलेली माणसं पाच-पाच महिने त्यात राहतात. मागच्या साली निघायच्या आदल्या रात्री तिथली एक मावशी माझ्याकडं आली. हातात दहाची नोट.

"दादा, तुमी चालले म्हनं बाबासाहेबाकडं?"

"हो मावशी. तुम्ही चला की."

"कशी येऊ? उचल घेतल्याली हाय. खाडा केला तर मुकादम दुप्पट लावतो. एवढी मेनबत्ती लावा माझ्या नावाची."

ती नोट मी वहीत ठेवली. तीन दिवस मैदानावर राहता येणं हीसुद्धा आपल्यातल्या सगळ्यांना मिळणारी गोष्ट नाही, हे मला त्या नोटेनं सांगितलं.

आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर. मुंबईत सांगितलं की लोक नवी मुंबईचं समजतात. बेलापूरहून पुणतांबा, कोपरगाव, येवला करत मनमाड गाठायचं. मनमाडला नागपूरकडून आलेल्या गाड्या आधीच शिगोशिग भरलेल्या. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी आतून आवाज येतो, "या या, जयभीम, सरका रे जरा." एरवीच्या गाडीत सीटवरून मारामारी बघितलेला माणूस मी. इथं एक आजी आपलं गाठोडं मांडीवर घेते आणि अनोळखी पोराला बूड टेकायला जागा करून देते. मुक्काम मला वाटतं तिथूनच सुरू होतो. इगतपुरी सोडून गाडी घाटाला लागली की भाकरी सुटतात. कोणाची ज्वारीची, कोणाची तांदळाची, कोणाची चटणी, कोणाचं पिठलं. आडनाव न विचारता एकमेकांच्या हातातलं खातात.

आता मैदानाचं सांगतो. सुमारे 28 एकरांचं हे मैदान मुंबई महापालिकेनं 1925 साली लोकांसाठी खुलं केलं, 1927 मध्ये त्याला शिवाजी पार्क नाव मिळालं. क्रिकेटसाठी ते साऱ्या देशाला माहीत. मोठमोठ्या सभांसाठीही माहीत. 2010 मध्ये हायकोर्टानं ते शांतता क्षेत्र ठरवलं. समुद्र तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. दादर चौपाटीच्या वाळूवर 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचा देह अग्नीला दिला. आदल्या रात्री लोक विमानतळावर आणि राजगृहापाशी जागत बसले होते. चितेच्या साक्षीनं भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथंच लोकांना धम्मदीक्षा दिली. म्हणजे या मुक्कामाची पहिली रात्र ती. स्तूप नंतर आला, 1971 साली. लोक आधीच येऊन वाळूवर झोपत होते.

महापालिका मैदानावर मंडप घालते, नळ जोडते, फिरते संडास उभे करते, दवाखाना मांडते. अलीकडं मोबाइल चार्ज करायची सोय पण असते. मंडपात माणसं जिल्ह्या-तालुक्यानं आपोआप वाटली जातात. हे लातूर, हे वाशीम, हा आमचा श्रीरामपूर-राहुरीचा पट्टा. सतरंजी टाकली की झालं घर. पहाटे नळावर रांग लागते. बायका केस धुतात, म्हातारे दात घासतात, पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. बाहेर पुस्तकांचे गाळे. दिवसभर हमाली करणारा माणूस पन्नास रुपयांचं पुस्तक उलटसुलट करून बघतो, परत ठेवतो, अर्ध्या तासानं येऊन घेतो. रात्री एका कोपऱ्यात शाहीर, दुसऱ्यात कुणी कायदा समजावून सांगतोय, तिसऱ्यात दोन संघटनांचं भांडण. तेही पाहिजे.

आणि फोन वाजत असतात. भीमगीतांच्या रिंगटोन, एकावर एक, मोठ्या आवाजात. तुम्हाला यात काय विशेष वाटेल? मी ज्या भागातून येतो तिथं, आमच्या शेजारच्या शिर्डीत, 2015 साली बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि आपल्या एका तरुण पोराचा जीव घेतला. त्यानंतर आमच्याकडची कितीतरी पोरं बाजारात गेली की फोन मुका करतात. मी केलेला आहे. शिवाजी पार्कवर पोहोचलो की पहिलं काम, आवाज पुरा वर.

आता जे म्हणतात जत्रा झाली, त्यांनी जरा मागं बघावं. आपल्या लोकांनी रात्र काढणं ही गोष्ट कधीच साधी नव्हती. 1901 साली लहानगे बाबासाहेब भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. जात कळल्यावर बैलगाडी मिळायची पंचाईत. रात्री टोलनाक्यापाशी गाडी सुटली. शिदोरी होती, पाणी नव्हतं. टोलवाल्यानं पाणी दिलं नाही. अन्न जवळ असून पोरं उपाशी झोपली. 1934 साली तेच बाबासाहेब, बॅरिस्टर, गोलमेज परिषद गाजवून आलेले, सोबत्यांना घेऊन दौलताबादचा किल्ला बघायला गेले. हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून गर्दी अंगावर आली. महाडला मार्च 1927 च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. जागा आणि पाणी. मुक्कामाला एवढंच लागतं आणि तेवढंच आपल्याला नाकारलं जात होतं.

म्हणून शिवाजी पार्कच्या नळाखाली जेव्हा आमच्या तालुक्यातली म्हातारी ओंजळ धरते, आणि मागचा माणूस फक्त "आजी, लवकर आटपा" एवढंच म्हणतो, तेव्हा मला ती जत्रा वाटत नाही.

समुद्राकाठी तंबूत राहायची आता फॅशन आहे. मुंबईची माणसं शनिवार-रविवार काशीदला, नागावला, केळव्याला जातात. वाळूवर रंगीत तंबू, शेकोटी, गिटार. फोनवर फोटो बघतो मी. त्याला कॅम्पिंग म्हणतात. मजा करावी माणसानं, माझी ना नाही. पण तंबूत राहणं ही कोणाची हौस, हे तंबूत कोण आहे त्यावरून ठरतं. आमच्या कारखान्यामागच्या मावशीलाही आभाळाखाली राहायला मिळतं, पाच महिने, नळ नसलेल्या जागी. तिला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. आणि आम्ही तीन रात्री शिवाजी पार्कवर झोपलो तर त्याला गर्दी म्हणतात.

आता घाणीचं. लाखो माणसं एका जागी राहिली की कचरा होणारच. पण त्याच मैदानावर सभा झाल्यावर, त्याच चौपाटीवर गणपती बुडवल्यावर जो कचरा होतो, त्याच्यावरून माणसाची जात कुणी काढत नाही. आणि मुंबईचा कचरा बाराही महिने उचलतं कोण? रस्त्यावरचा झाडू, गटारातला माणूस कोणत्या वस्तीतून येतो? ज्याच्या हातानं शहर स्वच्छ राहतं त्याच्यावर तीन दिवसांच्या घाणीचा आळ. तरीही मी म्हणतो, आपण आपला कोपरा झाडून निघावं. त्यांच्यासाठी नाही. ते आपलं घर असतं तीन रात्री, म्हणून.

डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळ आलं. 5 तारखेला भर हिवाळ्यात पाऊस. मैदानाचा चिखल झाला, लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. एका वर्गात फळ्याखाली जागा मिळाली. शेजारी विदर्भातले एक म्हातारे बाबा, ओल्या धोतरात. मी म्हणालो, "बाबा, परत जायचं ना मग. एवढे हाल." ते म्हणाले, "अरे पोरा, पावसानं कामून परत जाईन? आमी वावरातले मानसं." सहा तारखेला ते माझ्या आधी रांगेत उभे होते. आणि 2020 साली कोविडमध्ये सरकारनं सांगितलं, घरूनच अभिवादन करा. तेव्हा याच लोकांनी मैदान रिकामं ठेवलं. ज्यांना अडाणी गर्दी म्हणतात त्या गर्दीनं. कधी राहायचं आणि कधी राहायचं नाही हे आपल्या माणसाला बरोबर कळतं.

राहण्यानं काय होतं, याचा दाखला तिथंच जवळ आहे. चैत्यभूमीला लागून इंदू मिल, बंद पडलेली सरकारी गिरणी. मी गिरणीतला माणूस, म्हणून मला ती जागा जास्त दिसते. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. तशा एका गिरणीत 6 डिसेंबर 2011 ला आपले कार्यकर्ते शिरले आणि तिथंच मुक्काम ठोकला. स्मारकाची मागणी जुनी होती, निवेदनं देऊन झाली होती. राहिले तेव्हा हलचाल झाली. 2012 च्या डिसेंबरात साडेबारा एकर जागा देण्याचं जाहीर झालं, 2015 ला भूमिपूजन. मोर्चा येतो आणि जातो. मुक्कामाला सरकार घाबरतं.

आता तुम्हाला, कार्यकर्त्यांना सांगायचं ते सांगतो. आपण तीन रात्री लाखानं झोपतो आणि मग गावाकडं परत जातो. गावात गेलो की प्रत्येक जण एकेकटा झोपतो. आमचा जिल्हा, आता अहिल्यानगर म्हणतात त्याला, 2013 चं सोनई, 2014 चं खर्डा यांनी साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारलं. मोर्चे निघाले, पुढारी येऊन गेले, गाड्यांची धूळ खाली बसली. 2017 साली कोर्टातून आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले म्हणतात. मी त्या साक्षीदारांना शिव्या देत नाही. ते त्याच गावात राहणारे. आपण सगळे या आणि जा करणारे.

शिवाजी पार्कवर जे शिकलो ते तिथं का चालत नाही? ज्या गावात आपलं एकच घर आहे आणि त्या घरातल्या माणसाची उद्या साक्ष आहे, तिथं दोघा-तिघांनी सतरंजी घेऊन जावं. भाषण नको, झेंडा नको. त्याच्या ओट्यावर झोपावं. पहाटे त्याच्याबरोबर नळावर जावं. तारीख होईपर्यंत आळीपाळीनं राहावं. कोप्यांवर जावं, एक रात्र तिथं काढावी, पाणी कुठून आणतात ते स्वतःच्या डोक्यावर हंडा घेऊन बघावं, मग निवेदन लिहावं. आपल्या लोकांना धुळीत झोपायची सवय आहे, हे आपलं कमीपण नाही. याच्यासारखं हत्यार दुसरं नाही आपल्याकडं. खर्च काही नाही. एक सतरंजी, एक चादर.

यंदा 4 तारखेला बेलापूर स्टेशनावरून आम्ही निघतोय. श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात या. मी सोबत एक कोरी वही घेतोय. ज्याच्या गावात अशी साक्ष आहे, असं एकटं घर आहे, त्यानं गावाचं नाव त्या वहीत लिहावं. आणि जो तिथं आठ दिवस राहायला तयार आहे त्यानं समोर स्वतःचं नाव लिहावं.

दुसरी बाजू किती भरते, तेवढंच मला बघायचं आहे.

जयभीम.