भिंतीवरचा कागद

घड्याळ बंद पडले की त्याची लबाडी लगेच उघडी होते. भर दुपारी साडेनऊ वाजल्याचे सांगणाऱ्या घड्याळावर शाळकरी पोरही विश्वास ठेवत नाही. दूध नासले तर नाकाला कळते, भाकरी शिळी झाली तर दातांना कळते. पण भिंतीवर चिकटवलेला सूचनांचा कागद शिळा झाला तर तो कोणालाच कळत नाही. उलट, जसजसा जुना होईल तसतसे त्याचे वजन वाढते. पिवळी पडलेली चिकटपट्टी, खाली अर्धवट उमटलेला गोल शिक्का, न वाचता येणारी सही! असा कागद पाहिला की त्याच्यापुढे चपला काढून उभे राहावेसे वाटते.

अशा कागदांकडे मी लक्ष देऊ लागलो तो माझ्या अक्कामुळे. अक्का लातूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी होती. गावाचे नाव सांगत नाही; तिथली माणसे भली आहेत आणि गोष्ट कुठल्याही गावात घडली असती. लहान मुलांच्या लसी सांभाळणे हे तिच्याकडचे सर्वांत नाजूक काम. या लसी ज्या पेटीत असतात तिला सगळे ‘आयएलआर’ म्हणतात. दिसायला आइस्क्रीमच्या दुकानातल्या पेटीसारखी, पण आतल्या भिंतींत बर्फाचे अस्तर. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ती आपला गारवा टिकवते. मराठवाड्यातल्या विजेचा स्वभाव ओळखूनच जणू कोणी ती घडवली असावी. आतले तापमान दोन अंशांच्या खाली जाता कामा नये आणि आठ अंशांच्या वर चढता कामा नये. पूर्वी सकाळ-संध्याकाळ तापमापक पाहून आकडा वहीत लिहायचा, एवढीच देखरेख होती. सरकारने २०१५ पासून टप्प्याटप्प्याने ‘ई-विन’ नावाची यंत्रणा आणली. पेटीत एक छोटे यंत्र बसते, ते तापमान आपोआप दूर कुठल्या संगणकाला कळवते आणि मर्यादा ओलांडली की सांभाळणाऱ्याच्या मोबाईलवर संदेश येतो. करोनाच्या लशीसाठी जे ‘को-विन’ आपण सर्वांनी वापरले, ते याच पायावर उभे केलेले.

तर दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली रविवारची रात्र. दुपारी वळवाचा पाऊस विजांसह झोडपून गेलेला. साडेअकराच्या सुमारास अक्काच्या फोनवर संदेश आला : तापमान अकरा अंश. ती केंद्राच्याच आवारात राहत होती. धावत गेली तर केंद्रात दिवे लख्ख सुरू, पंखा फिरतो आहे, आणि पेटी मात्र गप्प. तिचा स्टॅबिलायझर जळाला होता. म्हणजे यंत्रणेने आपले काम चोख बजावले होते. पुढचे काम कागदाचे होते.

तो कागद पेटीच्या वर भिंतीवर होता. अक्काची त्या केंद्रात बदली होऊन जेमतेम महिना झाला होता. कागदावर पहिलीच ओळ होती चालकाच्या फोन नंबराची. तिने फोन लावला. पलीकडून झोपेतला एक तरुण आवाज म्हणाला, “बाबांना जाऊन तीन वर्षं झाली हो. कोण बोलताय?” अक्का सांगते की त्या मुलाची माफी मागताना तिला पेटीचा क्षणभर विसर पडला.

तोवर रात्रपाळीच्या सिस्टरने कागदाची तिसरी ओळ वाचून कामाला सुरुवातही केली होती. मुलगी नवी, आज्ञाधारक, हुशार. तिसरी ओळ अशी : “आयएलआर बंद पडल्यास सर्व लस डीप फ्रीझरमध्ये हलवावी.” तिने फ्रीझरचे झाकण उघडले होते आणि पहिला खोका हातात घेतला होता. अक्का ओरडली, “ठेव तो खाली!”

यातली मेख वाचकांना सांगायला हवी, कारण मलाही ती अक्कानेच समजावली. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस गोठली तरी बिघडत नाही. पण पेंटाव्हॅलेंट, कावीळ ‘ब’, धनुर्वात, टोचून देण्याची पोलिओ लस, या एकदा गोठल्या की गेल्या. पुन्हा वितळल्यावर बाटली पहिल्यासारखीच दिसते. लशीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागली की तो काळवंडत जातो. पोलिओच्या बाटल्यांवर तो १९९६ पासून येऊ लागला. काय सुंदर युक्ती! स्वतःच स्वतःला अद्ययावत ठेवणारी अशी टिपणी जगात दुसरी नसेल. पण तो चौकोन फक्त उष्णतेची चुगली करतो, गोठण्याची करत नाही. म्हणजे त्या रात्री सगळ्या लसी फ्रीझरमध्ये गेल्या असत्या, तर सकाळी त्या देखण्याच दिसल्या असत्या. आठवड्याच्या लसीकरणात पोरे रडली असती, आयांनी पदराने डोळे पुसले असते, कार्डावर खुणा झाल्या असत्या, आणि बाळाच्या अंगात त्यातले काही गेलेच नसते. घटसर्पाची, डांग्या खोकल्याची वाट मोकळी राहिली असती, आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा हेही कधी कळले नसते.

अक्काने फ्रीझरमधली बर्फाची पाकिटे बाहेर काढून टेबलावर मांडली. लगेच वापरायची नाहीत. त्यांना घाम फुटेपर्यंत, हलवले की आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचे, नाहीतर त्या कडक बर्फानेही लस गोठते. मध्यरात्री दोन बायका पाकिटे कानाशी धरून हलवत बसल्या होत्या. मग लसी आणि पाकिटे थंडपेटीत भरली, रात्र निभावली, आणि सकाळी सगळे शेजारच्या केंद्रात पोचवले.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद उतरवून उजेडात धरला. वरचा मथळा खिडकीतल्या उन्हाने उडून गेला होता, पण आडवा धरल्यावर अक्षरांचे दाब दिसले : ‘पल्स पोलिओ मोहिमेसाठी’. म्हणजे ज्याने लिहिला त्याने अगदी बरोबर लिहिला होता! त्या मोहिमेपुरता, त्या एका लशीपुरता. पल्स पोलिओ आपल्याकडे १९९५ मध्ये सुरू झाला. पेंटाव्हॅलेंट देशात आली ती २०११ च्या डिसेंबरात, आधी केरळ-तामिळनाडूत आणि मग इतरत्र. टोचण्याची पोलिओ लस २०१५ च्या नोव्हेंबरात. पेटीतले जग बदलत गेले, कागद जागचा हलला नाही. तो खोटे बोलत नव्हता, फक्त एका होऊन गेलेल्या काळाबद्दल बोलत होता.

गेल्या भाऊबीजेला अक्का आमच्याकडे नांदेडला आली, अहमदपूर-लोहा करत एस.टी.ने, आणि तिचा मुलगा पुण्याहून आला. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचे काम, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘दुसऱ्यांचे प्रोग्रॅम जिवंत आहेत की नाहीत ते पाहणे’. त्यांच्याकडे आठवड्याची पाळी असते. प्रोग्रॅम अडखळला की रात्री-अपरात्री फोन वाजतो, आणि फोनवरच्या सूचनेबरोबर एका पानाचा दुवा असतो. त्या पानाला ते ‘रनबुक’ म्हणतात : अमुक घंटा वाजली तर अमुक करा. आईची हकिकत ऐकून तो करंजी हातात धरूनच हसू लागला.

“मामा, आमच्याकडे रोज हेच होतं. मला एकदा पहाटे तीनला पानानं सांगितलं, त्या क्रमांकाची मशीन बंद करून चालू कर. ती मशीन वर्षापूर्वीच काढून टाकलेली!”

“मग पान कुणी बदलायचं?”

“तोच तर प्रश्न. प्रोग्रॅम दर आठवड्याला बदलतो. तो बदलणाऱ्याला शाबासकी मिळते. पान बदलणाऱ्याला कोण विचारतं?”

त्याने एक अमेरिकन गोष्ट सांगितली. नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारातली बडी पेढी. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी तिच्या आठ यंत्रांपैकी एकावर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहून गेला होता. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवल्या. त्यांत बिघाडाचा मागमूस होता. पण या ईमेल म्हणजे धोक्याची घंटा आहे, त्या पाहायच्या आहेत आणि पाहून काही करायचे आहे, असे कोणाला सांगितलेलेच नव्हते. बाजार उघडला, आणि पाऊण तासात पेढीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. माणसे गोंधळात पडून धडपडली तेव्हा चांगल्या सात यंत्रांवरचा नवा प्रोग्रॅमही त्यांनी काढून टाकला. अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने पुढच्या वर्षी दिलेल्या निर्णयात हे सगळे आले आहे.

मोठ्या कागदांचेही असेच होते, हे आम्हा लातूर-नांदेडकडच्या लोकांना शिकवायला अमेरिका नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीला भूकंप झाला. त्या वेळी प्रचलित असलेल्या १९८४ च्या मानकात जो भूकंपप्रवणतेचा नकाशा होता, त्यात आमचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या लोकांना जमिनीखाली गडगडाट ऐकू आला होता, धक्के बसले होते. नकाशा आपला निवांत. हेही खरे की ती दगडमातीची घरे कोणी मानक वाचून बांधली नव्हती. नकाशा निराळा असता तर ती उभी राहिली असती असे मी म्हणणार नाही. पण नकाशा दुरुस्त होऊन पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले ते २००२ साली. हजारो माणसे गाडल्यावरही कागदाला नऊ वर्षे लागली.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला या सगळ्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. भाचा म्हणाला, शिळ्या पानाचा वीट येऊन त्याच्या एका वरिष्ठाने सगळी पानेच नव्याने लिहून काढली आणि जाहीर केले की आता ती कधीच शिळी होणार नाहीत. मी उत्सुकतेने पाहू लागलो. इंग्रजीत होते, पण ती भाषा मला ओळखीची निघाली. आपल्या परिपत्रकांतली ती : “संबंधितांनी तत्काळ योग्य ती कार्यवाही करावी.” खरोखरच हे वाक्य कधी शिळे होत नाही. त्यात माणूस नाही, नंबर नाही, यंत्र नाही. तेव्हा बदलणार काय? कर्ता नसलेले वाक्य चिरतरुण असते. मात्र रात्री साडेअकराला ते वाचून एक पाकीटही जागचे हलत नाही. उपयोगाचे वाक्य नेमके असते : या माणसाला या नंबरावर फोन करा, किल्ली या खिळ्याला आहे. आणि नेमके असते म्हणूनच ते नासते. नासू नये म्हणून त्यातला जीव काढून घेणे हा आपल्या कचेऱ्यांचा शोध आहे, आणि तो सातासमुद्रापार पोचलेला पाहून मला फारसा अभिमान वाटला नाही.

मी त्यांना पैठणच्या नाथांची गोष्ट सांगितली. नांदेडहून वरच्या अंगाला याच गोदेच्या काठी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ होऊन तीनशे वर्षे होत आली होती. नकलाकारांनी पाठ बिघडवले होते, उत्साही भक्तांनी पदरच्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि घुसलेले बाहेर काढले. पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. “बाबा रे,” मी भाच्याला म्हटले, “कागद राखायचा म्हणजे त्यात भर घालत बसायचे नाही. काढायचेही असते.”

भाच्याला हे पटले. त्याच्याकडे शेकडो घंटा अशा आहेत की ज्या वाजल्यावर करण्यासारखे काहीच नसते. त्या काढल्या तर पानेही निम्मी होतील. पण अक्का म्हणाली, “नाथांची बदली होत नव्हती रे!”

यावर आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही.

अक्काने मग तिच्या केंद्रात काय केले ते सांगितले. नवा कागद तिने लिहिला, पण एकटीने नव्हे. त्या सिस्टरला पेटीपुढे उभे केले, हातात फक्त कागद दिला आणि म्हणाली, “मी इथं नाही असं समज. पेटी बंद पडली आहे.” सिस्टर जिथे अडली, तिथले वाक्य बदलले. ‘पाकिटे कंडिशन करावीत’ इथे ती अडली, तेव्हा ‘हलवून पाणी खळखळेपर्यंत थांबा’ असे झाले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कागदावरचा प्रत्येक नंबर खरोखर फिरवायचा. फोन लागला तरच शेजारी तारीख घालायची, न लागला तर तो जागच्या जागी खोडायचा. भाचा म्हणाला, तारीख काय, कोणीही न बघता टाकतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. महिनाभराचे तापमान एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच तिरक्या अक्षरात ‘चार, चार, चार’ असे भरलेल्या वह्या अक्काने पाहिल्या आहेत. म्हणूनच तिने तारखेपुढे एक रकाना ठेवला : फोन कोणी उचलला आणि काय म्हणाला. “ ‘पिठाच्या गिरणीवर आहे, मागून बोलतो’ असं कुणी बसल्या जागी रचून लिहीत नाही,” ती म्हणते. एखादीने रचून लिहिलेच तर ती बाई पुढे कथालेखिका होईल, असे मी म्हटले.

भाच्याने आपल्याकडे एक नेम घातला आहे म्हणे. ज्याला रात्री उठवले, त्याने पुन्हा झोपण्यापूर्वी पानातली चुकलेली ओळ दुरुस्त करायची. सकाळवर टाकायचे नाही, कारण सकाळी राग उतरलेला असतो.

या जूनमध्ये अक्काची पुन्हा बदली झाली. सामान बांधण्याच्या आदल्या दिवशी ती केंद्रात गेली, कागदावरचे आपले नाव आणि नंबर दोन रेघांनी खोडला, त्या सिस्टरचा लिहिला, आणि तिच्यासमोर तो फिरवून पाहिला. टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरने तो उचलला आणि हसत म्हणाली, “बोला मॅडम, पेटी चालू आहे. पाच अंश.”